तीस चिंचोक्यांची यादी

ज्या माणसाने माझ्या बायको-पोरीच्या राहण्याचा प्रश्न पत्त्यांवर टाकला, त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे, आणि पहिल्याच वाक्याला मला राग आला आहे. पंचवीस वर्षं होत आली. एव्हाना राग कमी व्हायला हवा होता. झालेला नाही.

ते आमचे दौंडचे घरमालक. रेल्वेत गार्ड होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना गार्डमामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. मी त्या वेळी कुरकुंभच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. घर शिरूरला, त्यामुळे रोज जाऊन-येऊन नोकरी करणं अशक्य होतं. मामांच्या अंगणात ओळीने चार खोल्या होत्या, त्यातली तिसरी मी घेतली. दहा बाय दहा, एक खिडकी, एक खुंटी. न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक.

मामा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सकाळी साडेपाचला ते अंगणात उभे राहून गार्डाची शिट्टी वाजवायचे. कोणाची पाळी कधीची आहे, कोण रात्रभर जागून आला आहे, याच्याशी शिट्टीचा संबंध नव्हता. न्हाणीघराच्या कडीला त्यांनी दोन झेंड्या अडकवल्या होत्या. आत जाताना लाल लावायची, बाहेर येताना हिरवी. एकदा मी घाईत हिरवी लावायला विसरलो आणि बसला पळालो. संध्याकाळी आलो तर तीन भाडेकरू बिनअंघोळीचे कामावर गेलेले. दार सताड उघडं, आत कोणी नाही, बादली दिसते आहे, आणि हा गृहस्थ दारात उभा राहून सगळ्यांना सांगतोय, "लाल हाय."

"मामा, दार उघडं होतं ना?" मी म्हणालो.

"झेंडी लाल व्हती."

"पण डोळ्यांना दिसत होतं की आत कोणी नाही!"

"डोळ्याला लई काय काय दिसतं. झेंडी खोटी निघाली तर ती लावणाराला धरायचं. उद्या तुझी अंघोळ शेवटची."

आणि ती शेवटची झाली. पाणी संपल्यावर.

बशीत ओतलेला चहा पिताना ते बोलत नसत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसत. कोणी उशिरा घरी आलं तर घड्याळ बघून "अकरा मिनिटं लेट" एवढंच म्हणायचे. का उशीर झाला ते विचारायचे नाहीत. मला सांगायची तयारी असायची, दोन-तीन कारणं मी क्रमाने मनात लावूनही यायचो, पण विचारतो कोण?

रविवारी दुपारी मात्र अंगणात चटई पडायची आणि पत्त्यांचा जोड निघायचा. खेळ आपल्याकडचा नव्हता. मामांच्या बरोबरीचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर नोकरी संपल्यावर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेला होता. तो एकदा दौंड बघायला म्हणून परत आला आणि आठ दिवसांत मामांना पोकर शिकवून गेला. प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. चटईवर पाच पानं सगळ्यांची मिळून: आधी तीन उघडायची, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि खालची पाच, त्यांतून ज्याची पाच पानं उत्तम जुळतील तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला बोली वाढवायची, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. मामा दर पाच डावांतले चार टाकून द्यायचे, आणि टाकताना म्हणायचे, "ही गाडी आपली न्हाई."

पैसे लावायला सक्त मनाई. खेळायचं चिंचोक्यांवर. "पैसा ठिवला की माणूस पैशाकडंच बघत बसतो, पानाकडं बघत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. तरी गल्लीत कोणीतरी कळवलंच की गार्डमामांकडे जुगार चालतो. हवालदार आले. चिंचोक्यांचा ढीग बघून त्यांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी टोपी काढून बसले आणि अर्ध्या तासात सगळे चिंचोके हरून गेले. मामांना जुगारी म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्यात यांची भर नको. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली की डाव अर्धा असला तरी मामा पानं मिटून उठायचे. जुगारी माणूस डाव अर्धा टाकून नमाजाला जातो का?

खेळायला चौघं असायचो. मामा, मामी, मी, आणि पहिल्या खोलीतला सिग्नलवाला. हा भांडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला, सदा हसरा आणि सदा दुसऱ्याची खोडी काढणारा. मामी खेळताना तांदूळ निवडायच्या. एकीकडे खडे, एकीकडे चिंचोके, आणि दोन्हींत त्यांची चूक होत नसे.

प्रत्येकाला तीस चिंचोके मिळायचे. दर डावाला एकाने एक आणि पुढच्याने दोन, पानं न बघताच टाकायचे. पहिले काही रविवार मी सारखा हरलो. मला हरण्याचं दुःख नाही, पण पद्धत नसली की मी अस्वस्थ होतो. मी वही घेऊन मामांपुढे बसलो आणि विचारलं, कुठली दोन पानं आली तर खेळायचं ते सांगा, मी लिहून घेतो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. एक्क्याची जोडी, बादशहाची, राणीची, गुलामाची, दश्शीची, एक्का-बादशहा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाचे असतील तर एक्का-गुलाम आणि बादशहा-राणी. नऊ ओळी. यातलं काही आलं तर सगळे चिंचोके पुढे सारायचे, नाहीतर टाकायचं. दुर्री-तिर्रीच्या बारक्या जोड्या, सत्ती-अठ्ठी असली शेजारची पानं, सगळी बाद. यादी झाल्यापासून सहा रविवारांत मी चारदा जिंकलो. सिग्नलवाला मला 'यादीवाले' म्हणू लागला.

त्याच सुमारास या चार खोल्यांपलीकडची, रस्त्याकडची मोठी खोली रिकामी झाली. स्वतंत्र मोरी, ओटा; नळ मात्र अंगणातला, सगळ्यांचा. कुटुंबाला राहता येईल अशी ती एकच. माझी बायको तेव्हा वडगाव रासाईला माहेरी होती. मुलगी आठ महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला बघत होतो. दर वेळी ती मला बघून रडायची, आणि ओळख पटून हसायला लागली की माझ्या गाडीची वेळ व्हायची. मी त्याच दिवशी मामांकडे गेलो. पण सिग्नलवाला माझ्या आधी तिथे बसलेला. त्याचं लग्न ठरायचं होतं. ठरलं नव्हतं, ठरायचं होतं! ज्याची मुलगी बघायची बाकी आहे तो खोली मागतो, आणि ज्याची मुलगी रांगायला लागली आहे त्याने त्याच्याशी स्पर्धा करायची?

मामा म्हणाले, "तुझं बरोबर हाय. ह्याचंबी बरोबर हाय. ज्याला मी न्हाई म्हणीन त्यो जन्मभर माझ्यावर राग धरंल. त्यापरीस पत्त्यावर धरू द्या. रविवारी बसू. दोघांतला ज्याचे चिंचोके आधी संपतील त्यो गेला."

मी खूप बोललो. एका बाईचा आणि बाळाचा प्रश्न आहे, हा खेळ आहे का, वगैरे. मामा बशीतला चहा पीत होते, त्यामुळे उत्तर नाही. सिग्नलवाला म्हणाला, "यादीवाले, तुम्ही कशाला भिताय? तुमच्याकडं तर यादी हाय."

मी भ्यालो नव्हतोच. इतका भ्यालो नव्हतो की शनिवारी सकाळी वडगावला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला: खोली मिळाली, सोमवारी ये.

रविवारी चटईवर बसलो तर प्रत्येकापुढे तुपाचा जुना डबा, आणि त्यात तीनशे चिंचोके. मामांनी तीन दिवस मोजून भरले होते.

"एवढे कशाला?" मी विचारलं.

"खोली हाय. सुपारी न्हाई." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाले, "ती यादी तीसची हाय बरं का."

"म्हणजे?"

"तीस चिंचोके म्हंजी पुण्याची शटल. पुढं उतरायचंच हाय, जागा दिसली की टेक. तीनशे म्हंजी लांबची गाडी. तिथं कुठं बसतोस, शेजारी कोण हाय, सगळं बघावं लागतं."

मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, गाड्यांच्या गोष्टी सांगायच्याच. पानं तीच, खेळ तोच, बोलीची सुरुवात तीच एक आणि दोन. एक्का तिसात मोठा आणि तीनशेत छोटा होतो का?

पाऊण तास झाला असेल. मला इस्पिकचा आणि बदामचा एक्का आला. यादीतली पहिली ओळ! एकदम सगळे सारले तर सगळेच पळतील, म्हणून मी आधी दहा लावले. मामा-मामींनी पानं टाकली, सिग्नलवाल्याने दहा भरले. चटईवर बादशहा, नव्वी, पंजी आली. मी वीस लावले, त्याने भरले. चौथं पान दुर्री. मी साठ लावले. सिग्नलवाल्याने डबाच उचलून पुढे ठेवला. मी क्षणभरही थांबलो नाही. उरलेले दोनशे दहा सारून मी एक्के उलटे केले, आणि त्याने दोन पंज्या दाखवल्या. चटईवरची धरून तीन. शेवटचं पान काय आलं ते मला आठवत नाही. त्याने काही बदललं नाही.

"पंजीची जोडी घेऊन दहा भरलेस?" मी ओरडलो. "ही यादीत कुठेय?"

"तुमच्या यादीत न्हाई," तो म्हणाला. "माझ्या हातात व्हती."

मामांनी पानं गोळा केली. "पंजीच्या जोडीला तिसरी पंजी आठ-नऊ खेपांत एकदा दिसती. पुढ्यात तीस असताना तिच्यापायी दहा घालवणारा येडा. पुढ्यात तीनशे असताना घालवणारा शाणा. सापडली न्हाई तर दहा गेले, सापडली तर तुझा डबा आला. एक्क्याची जोडी लई चांगली. पण ती जोडीच हाय. जोडीनं वीस-पन्नास घ्यावे. तीनशे द्यायला कुणी तयार झाला, तर त्यो जोडीला हारणारा नसतो."

"यादी तुम्हीच सांगितली होती!"

"तवा तीस व्हते."

हे उत्तर झालं का? मी आजही विचारतो. ज्याने सांगितलं त्याने आधी नीट समजावायला नको? 'तीसची आहे बरं का' एवढं बोलून माणूस मोकळा होतो?

सोमवारी सकाळी बायको आली. मेहुण्याने ट्रंक, पाळणा आणि तिला स्टँडवर उतरवलं आणि तो त्याच गाडीने फिरला. निरोप परत घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. रोजच्या कामांच्या यादीत ते काम मी शनिवारीच खूण करून संपवलं होतं. ती अंगणात उभी, काखेत मुलगी, आणि मी सगळ्यांदेखत सांगतोय की खोली पत्त्यांवर लावली होती आणि मी हरलो. तिने एवढंच विचारलं, "मग मिळाली म्हणून का कळवलंत?"

मी पाळण्याची दोरी नीट करू लागलो.

सिग्नलवाला पुढे झाला. खोडकर असला तरी मनाचा वाईट नव्हता. "वहिनी, तुम्हीच राहा त्या खोलीत. माझं काय, मी एकटा जीव."

आणि मामा म्हणाले, "न्हाई."

देणारा देतो आहे, घेणारी दारात उभी आहे, आणि हा मध्ये?

"त्यानं दिली म्हंजी त्याची झाली," मामा म्हणाले. "उद्या नळावर भांडण झालं तर त्यो बोलून दाखवंल, न्हाई बोलला तरी ह्या पोरीला ऐकू येईल. माझ्या घरात कुणी मान खाली घालून ऱ्हायचं न्हाई."

मी सुनवायला तोंड उघडलं. त्याआधी बायको बोलली. "मामा, हा खेळ मला येत नाही. शिकवाल का? मी खेळते याच्याशी."

"अगं!" मी म्हणालो.

"अहो, तुम्ही ट्रंक सावलीत ठेवा."

मामी तिला हात धरून आत घेऊन गेल्या. पुढचे सहा दिवस ती आणि मुलगी मामींच्या आतल्या खोलीत, आणि मी माझ्या दहा बाय दहात. संध्याकाळी कामावरून आलो की शिकवणी चालू दिसायची. मामा दोन पानं वाटायचे आणि तिने बघायच्या आत त्यांवर हात ठेवायचे.

"आधी काय बघायचं?"

"माझा डबा."

"मग?"

"समोरच्याचा डबा."

"मग?"

"माझ्या मागं अजून कोण बोलायचं राहिलंय."

"आता पानं बघ."

मला शिकवताना मामांनी पानांवर कधी हात ठेवला नव्हता. मी तसं म्हणालो. मामी म्हणाल्या, "तुम्ही वही घेऊन आला व्हता. वहीवर कसा हात ठिवायचा?" मुलगी रांगत चटईकडे आली की मामी तिला उचलून घ्यायच्या. चिंचोका नाकात गेला तर डॉक्टर शोधावा लागेल, ही त्या घरातली एकच काळजी मला रास्त वाटली.

दुसरा रविवार. मी बायकोच्या मागे भिंतीला टेकून बसलो होतो, तिची पानं मला दिसत होती. बादशहा-गुलाम आला. तिने टाकला. एक्का-चव्वी आली. टाकली. एक्का-दश्शी आली, सिग्नलवाल्याने आधीच बोली वाढवली होती, तिने तीही टाकली. मी खोकलो.

"खोकला असंल तर भाईर जा," मामा म्हणाले.

दीड तास हेच चाललं होतं. तिचा डबा तीनशेवरून दोनशे ऐंशीवर आला, सिग्नलवाल्याचा तीनशे दहावर गेला. तो गाणी गुणगुणत होता. मग तिला किलवरची सत्ती आणि अठ्ठी आली. बाद पानं! त्याने आठ लावले, मामा-मामींनी टाकली, शेवटी बोलायची पाळी हिची. हिने आठ भरले. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चटईवर एक्का, नव्वी, छक्की होती. त्याने पंधरा लावले, हिने भरले. चौथं पान पंजी. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. रांग लागली! हिच्या चेहऱ्यावर काही नाही. त्याने चाळीस लावले, हिने सावकाश मोजून एकशेवीस. त्याने हसून डबा पुढे केला. "वहिनी, माफ करा."

"माझेही सगळे," ती म्हणाली.

त्याने एक्का आणि नव्वी दाखवली. दोन जोड्या. शेवटच्या पानाला एक्का किंवा नव्वी आली असती तर सगळं संपलं असतं. मामांनी पान उलटलं. दुर्री.

सिग्नलवाला तिच्या सत्ती-अठ्ठीकडे बघत राहिला. मग त्याने उरलेले चिंचोके मोजले. बरोबर तीस. माझ्याकडे हात पसरून म्हणाला, "यादीवाले, द्या तुमची यादी. आता तिचं काम हाय." मी दिली नाही. दोन डावांनंतर ते तीस मामींनी खाल्ले, तांदूळ निवडता निवडता.

मामांनी किल्ली बायकोच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या खोलीत आम्ही सात वर्षं राहिलो, आणि सात वर्षांत नळावरून कोणी आम्हाला एक शब्द बोललं नाही. ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्या संध्याकाळी मी मामांना गाठलंच.

"ती हरली असती तर? बाळाला घेऊन परत वडगावला पाठवली असती?"

"कशाला? पुढच्या रविवारी परत बसलो असतो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "परत? मग मी हरलो तेव्हा मला का नाही परत बसवलंत?"

मामांनी बशी खाली ठेवली. "तू मागितलास का डाव? तिनं आल्या आल्या मागितला. तू अर्ज दिलास."

वर लिहायचं राहिलं. हरल्याच्या संध्याकाळी मी मामांच्या हातात खरोखरच अर्ज दिला होता. सात मुद्दे होते, क्रमवार, प्रत्येकाला कारण जोडलेलं, आणि त्यातला एकही मी आजही मागे घेणार नाही. पण मला पुन्हा खेळू द्या, हा मुद्दा त्यात नव्हता.